दुसऱ्याच्या नावचा नवस

दुसऱ्याच्या नावाने पावत्या फाडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण दुसऱ्याच्या नावाने नवस बोलणारा माणूस उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे अकोल्याचे घरमालक. नवस त्यांनी बोलायचा, देवही त्यांनीच निवडायचा, फेडायचा मात्र ज्याच्या नावाने बोलला त्याने. आणि फेडायचा म्हणजे नारळ-बत्ताशांवर भागत नसे, अख्ख्या गल्लीला रोडग्यांचं जेवण घालावं लागे. ज्याला आपल्या नावाने नवस बोलला गेलाय याचा पत्ताही नाही, त्याने तो का फेडावा, असं विचारायची सोय नव्हती. न बोललेल्या नवसाचं कुणाला काही वाटत नाही. पण बोललेला राहिला तर देव काय करील याचा नेम नाही, आणि आमच्या गल्लीतल्या बायका ती जोखीम घ्यायला तयार नसत.

मी मूळचा अमरावतीचा. सत्तावन-अठ्ठावनच्या सुमारास अकोल्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला गेलो, तेव्हा यांच्या घरात दोन खोल्या मिळाल्या. अमरावतीच्या माणसाला अकोल्यात राहायला लागणं ही मुळातच पडती बाजू असते, हे अमरावतीकरांना वाटतं आणि अकोलेकर ते ऐकून घेतात, पण विसरत नाहीत. घरमालक निवृत्त तारमास्तर होते. गल्ली त्यांना तारबाबू म्हणे. तीस वर्षं तारा घेऊन आणि देऊन त्यांच्या बोलण्यातले सगळे जादा शब्द झडून गेले होते. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाले, "किल्ली. न्हानी मांगं. नळ सकाळी. साप नाही." साप नाही, हे न विचारता का सांगितलं, याचा विचार करण्यात माझे आणि बायकोचे पहिले आठ दिवस गेले. त्यांच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. स्वतःच रांधायचे, स्वतःच जेवायचे, आणि संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे अशा नजरेने पाहायचे, की याची काही तार आली आहे का, ते आठवत असावेत.

पहिल्याच वर्षी माझी नोकरी कायम झाली. हुकूम हातात घेऊन घरी येतो, तर हे दारात उभे. मी काही सांगायच्या आतच म्हणाले, "कायम. बरं झालं. नवस होता. रोडगे. रविवार." मी विज्ञानाचा शिक्षक. मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं की मी नवस मानत नाही. ते म्हणाले, "तुमी नका मानू. मी मानला." यावर विज्ञानात काही उत्तर असेल तर ते मला अजून सापडलेलं नाही. आत माझ्या बायकोने, मालतीने, तोवर कणीक किती लागेल याचा अंदाज घ्यायला सुरुवातही केली होती.

ज्यांनी आमच्या वऱ्हाडातले रोडगे खाल्ले नाहीत, त्यांना ते सांगून कळायचे नाहीत, पण सांगतो. जाडसर दळलेल्या कणकेचे मुठीएवढे गोळे करायचे, पेटलेल्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचे, भाजले की राख झटकून फोडायचे आणि आत तूप सोडायचं. सोबत वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. हे घरात होत नाही, गावाबाहेर झाडाखाली होतं. आणि एकट्यादुकट्याचं काम नाही, दहा हात लागतात. तारबाबूंनी हा पदार्थ उगीच निवडला नव्हता. कणीक ज्याचा नवस त्याची, हा नियम. बाकी ज्याच्याकडे जे असेल ते. कोपऱ्यावरच्या वकिलांची शेती होती, वांगी त्यांची. भिक्षुकी करणाऱ्या गुरुजींकडे यजमानांकडून येणारं तूप. पत्र्याच्या पेट्या बनवणारे एक चाचा होते, त्यांच्याकडून परातींना आणि निखारे ओढायला पत्रे यायचे. गोवऱ्या माझ्याकडे लागल्या, कारण माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. आणि शिजवायचं पुरुषांनी. वकील, गुरुजी, चाचा आणि मी, असे चौघं धुरात डोळे पुसत गुडघ्यावर बसलो, की कोण अशील, कोण यजमान आणि कोण गिऱ्हाईक, ते कळेनासं व्हायचं.

देव निवडण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. उन्हाळ्यातला नवस हमखास मोर्णा नदीकाठच्या मारुतीचा, कारण तिथे मोठी सावली आणि जवळ पाणी. थंडीतला बाळापूरच्या वाटेवरच्या एका महादेवाचा, कारण तिथे ऊन चांगलं आणि शेजारी वकिलांचं शेत. पावसाळ्यात ते कोणाच्या नावाने काही बोलतच नसत. चाचांच्या मुलाला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा त्यांनी नवस दर्ग्याचा काढला. चाचा गोंधळून म्हणाले, "बाबू, मन्नत तो हमने मांगीच नही." तारबाबू म्हणाले, "मले मालूम आहे. मी मांगली." चाचांनी कणीक आणली.

पहिल्या जेवणाला गुरुजी पंगतीपासून दहा हातांवर, झाडाच्या दुसऱ्या अंगाला पाट टाकून बसले. पान वेगळं, पाणी वेगळं, वाढायला त्यांचंच माणूस. पुढच्या वेळी जेवण तारबाबूंनी अशा वेळेला लावलं, की गुरुजी बसले तेव्हा सावली होती आणि वरण येईपर्यंत ऊन आलं. गुरुजींनी पाट चार हात अलीकडे घेतला. असं करत करत दोन वर्षांत गुरुजी चाचांच्या मांडीला मांडी लावून बसू लागले, आणि विचारलं तर सांगत, "काय करता, ऊनच सरकते तसं." वकिलांचं दुखणं वेगळं होतं. ते गल्लीत राहत, पण गल्लीतले नव्हते. त्यांच्या आवाराची भिंत पुरुषभर उंच होती आणि मोटारीतून उतरत ते थेट घरात. पण त्यांची मुलगी मॅट्रिक झाली, आणि ज्या देवाचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं, त्याचं देणं त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं. त्या दिवशी वकीलसाहेबांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने वांगी चिरली आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात सगळ्यांना बोटाची पट्टी दाखवली.

हा सारा खटाटोप कशासाठी, असं मी एकदा विचारलं. तारबाबू त्यांच्या मानाने भाषण म्हणावं एवढं बोलले. "तार घेऊन पोरगा जाये. घर बंद. शेजाऱ्याले इचारलं, बावा, हे लोक कुठी गेले? तो म्हने, मले नाव बी मालूम नाही. भिंतीले भिंत आन् नाव मालूम नाही. तार वापस. कोनाचा बाप मेला, तार वापस." मग खुर्ची आत घेऊन गेले. एवढंच. आमच्या गल्लीत मात्र तार परत गेली नसती. कोणाकडे कोण पाहुणा आलाय, कोणाचा ताप उतरला, कोणाची सून माहेराहून आली नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. आणि हे ठाऊक असणं पुण्याच्या माणसाला जेवढं जाचतं तेवढंच आम्हांला आवडत होतं.

त्यांचा एकही नवस वाया जात नसे. त्यामुळे लोकांचा असा समज झाला की तारबाबूंच्या जिभेवर देव आहे. बार्शीटाकळीहून एक बाई भलामोठा कोहळा घेऊन आली आणि ओसरीवर बसून राहिली, "बाबा, माह्या लेकासाठी बोला एक डाव." हे मागच्या दाराने निघाले ते थेट शाळेत, माझ्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर येऊन बसले. मी त्या दिवशी उत्कलनबिंदू शिकवत होतो. तास संपेपर्यंत त्यांनी मन लावून ऐकलं आणि "बाई गेली का, पाहून या," म्हणाले. दुसऱ्यासाठी न मागता नवस बोलणारा माणूस, कोणी मागितलं की पळतो का, हा प्रश्न मला त्या वेळी पडायला हवा होता. पण विज्ञान शिकवणाऱ्याला घरातल्या गोष्टी जरा उशिरा दिसतात.

साठ साली मालतीला दिवस गेले. आमचं पहिलं मूल अमरावतीला जन्मतः गेलं होतं आणि तीही त्या वेळी जेमतेम वाचली होती. त्यामुळे आनंदापेक्षा धास्तीच जास्त. ती गोष्ट आम्ही कोणाला सांगितली नव्हती, तरी आठवडाभरात गल्लीला कळली. चाचींनी येऊन जड घागर उचलायची नाही असा हुकूम दिला आणि गुरुजींच्या घरून पाणी येऊ लागलं. तारबाबू मात्र आमच्याकडे बघेनासे झाले. ओसरीवरची खुर्चीही संध्याकाळी दिसेना. मला वाटलं, भाड्याच्या खोलीत लहान मूल येणार म्हणून म्हातारा वैतागला असावा. आता हे लिहिताना लाज वाटते.

नऊ महिने भरायच्या आधीच, एका सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि सगळंच उलटं दिसू लागलं. वकिलांनी कोर्टाचा कोट अंगात असतानाच मोटार काढली, चाची मागे मालतीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, आणि गुरुजींच्या बाई पुढे, हातात गरम पाण्याचा तांब्या घेऊन. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "दोघांचं सांगता येत नाही." मी व्हरांड्यात भिंतीला टेकलो. बाजूला वकील, चाचा, गुरुजी, सगळे होते. फक्त तारबाबू नव्हते. तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. दोघीही वाचल्या. मी वकिलांच्या गळ्यात पडून रडलो, आणि त्यांनी मला कोटाच्या बाहीने डोळे पुसू दिले.

बारसं झालं, महिना झाला, गल्ली वाट बघत राहिली. एवढ्या मोठ्या प्रसंगाला तारबाबूंनी नवस बोलला नसेल, हे कोणाला पटेना. वकिलांनी वांगी राखून ठेवली होती. गुरुजी दोनदा तुपाचा डबा दाखवून गेले. तारबाबू चकार शब्द बोलेनात. शेवटी मीच त्यांच्याकडे गेलो आणि थट्टेने म्हणालो, "आमच्यासाठी देव उरला नव्हता वाटतं?"

त्यांनी मला बसायला सांगितलं. म्हणाले, "मास्तर, ते समदे नवस खोटे होते."

"खोटे म्हणजे?"

"बोललोच नव्हतो. पोट्टा पास झाला, मंग सांगायचो, नवस होता. आधी बोलाची माही हिंमत नव्हती." थोडा वेळ ते हाताच्या बोटाने खुर्चीच्या दांडीवर तार ठोकल्यासारखं करत राहिले. "बाळापूरले होतो मी. बायको पह्यल्या बाळंतपनाले माहेरी, तुमच्या अमरावतीले. मशिनवर मीच बसलो होतो. तार आली. माह्याच नावाची. मीच लिहून घेतली. बायको गेली, लेकरू गेलं. नवस बोलाले टाइमच भेटला नाही."

ते पुढे म्हणाले, "तुमच्या वक्ताले टाइम भेटला. मारुतीपाशी बसून राह्यलो दिवसभर. खरा बोललो."

"काय बोललात?"

"दोघं वाचू दे. पुन्हा खोटा नवस सांगनार नाही."

मी अर्थातच वाद घातला. मग यापुढे खरे बोला, म्हणालो. त्यांनी मान हलवली. "एक बोललो तर दिवसभर घोटभर पानी उतरलं नाही. लोकाईच्या लेकराचं भेव घेऊन फिरू का मी?" ते इतकी वर्षं ज्या एका खोटेपणावर जगले, तो त्यांनी माझ्या मुलीवरून ओवाळून टाकला होता, आणि मी थट्टा करायला गेलो होतो.

त्यानंतर वर्षभर गल्लीत रोडगे झाले नाहीत. कारण मला एकट्याला माहीत, आणि ते सांगायचं नाही असं त्यांनी बजावलेलं. पहिले काही महिने कोणाला काही वाटलं नाही. मग वकिलांच्या न्हाणीचं पाणी गुरुजींच्या तुळशीपाशी साचू लागलं. एरवी ही गोष्ट निखाऱ्यांपाशी बसल्या-बसल्या मिटली असती; आता वकिलांनी वीस पावलांवरच्या गुरुजींना रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. गुरुजींनी चाचांना साक्षीदार व्हायला सांगितलं, चाचा नाही म्हणाले, तर गुरुजींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. चाचा मला म्हणाले, "मास्तरसाब, अब इधर दिल नही लगता. टेशनकडे घर देखून राहिलो." तारबाबू ओसरीवरून सगळं बघत होते. ज्या दिवशी चाचा टांगा करून नवं घर पाहायला गेले, त्या दिवशी म्हातारा जेवला नाही, हे मालतीने सांगितलं. त्यांनी तोंड बंद ठेवून माझं घर राखलं होतं आणि त्यापायी त्यांची गल्ली विस्कटत होती. तोंड उघडायचं असेल, तर ते आता मीच उघडायला हवं होतं.

जूनमध्ये वकिलांच्या मुलाला नागपूरच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. मी शर्टाची बटणं नीट लावून वकिलांच्या दिवाणखान्यात गेलो आणि एका दमात सांगितलं, "अभिनंदन. नवस होता. रोडगे. रविवारी."

वकिलांनी चष्मा काढला. "कोणी बोलला?"

"मी."

"तुम्ही? विज्ञानाचे मास्तर? कुठल्या देवाला?"

मी देवच ठरवून गेलो नव्हतो. "मारुतीला," मी म्हणालो.

"कोणत्या वारी?"

"सोमवारी."

"मारुतीला सोमवारी?" वकिलांनी चष्मा पुन्हा लावला. माझ्या कानशिलावरून घाम ओघळू लागला. मग ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मास्तर, तारबाबूंचा पहिला नवस ऐकला तेव्हाच मला कळलं होतं की साफ खोटा आहे. जो माणूस एकही नवस हरत नाही, तो आधी बोलतच नाही. उलटतपासणीत पाच मिनिटं टिकला नसता."

"मग बोलला नाहीत कधी?"

"रोडगे चांगले असायचे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "भिंतीपलीकडे कोण राहतं ते मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं, मास्तर." मग त्यांनी आत आवाज देऊन कणीक जाड दळायला सांगितली, आणि स्वतः चप्पल घालून गुरुजींकडे तूप मागायला गेले. नोटिशीचं काय झालं ते मला माहीत नाही. रविवारी वकील आणि गुरुजी एकाच पत्र्याने निखारे ओढत होते.

तारबाबू सगळ्यांत शेवटी आले. जूनचं आभाळ भरून आलेलं, सावलीची गरजच नव्हती, तरी गुरुजी चाचांच्या शेजारी बसले होते. तारबाबू माझ्याजवळ उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "कोन्या देवाले बोलले?"

"मारुतीला. सोमवारी."

त्यांनी माझ्या हातातला चिमटा काढून घेतला. "खोटं बी नीट बोलता येत नाही अमरावतीच्या मानसाले," असं म्हणून ते माझे अर्धेकच्चे रोडगे पुन्हा निखाऱ्यात सारू लागले. त्या दिवशी त्यांनी चार रोडगे खाल्ले. चाचांनी स्टेशनकडच्या घराचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढे हे लोण सगळ्या गल्लीत पसरलं. चाची गुरुजींच्या सुनेसाठी बोलायच्या, गुरुजी चाचांच्या नातवासाठी. सगळे खोटे, सगळे गोष्ट झाल्यावर. तारबाबू कोणाच्या नवसाला हो म्हणत नसत की नाही म्हणत नसत, फक्त पंगतीला येऊन बसत, मांडीवर माझी मुलगी. दिलेला शब्द त्यांनी शेवटपर्यंत पाळला.

चौसष्ट साली माझी अमरावतीला बदली झाली. दोन वर्षांनी वकिलांचं पत्र आलं, की तारबाबू झोपेतच गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, तर अग्नी कोणी द्यायचा यावर वकील आणि गुरुजी यांच्यात चांगलंच वाजलं, असंही लिहिलं होतं. मी मुलीला घेऊन अकोल्याला पोहोचलो तोवर तेरावं उलटून गेलं होतं. तो रविवार होता. गल्लीत शिरलो तर घरं बंद. शेजारच्या दुकानदाराने न विचारताच सांगितलं, "नदीवर गेले समदे." तिथे पोहोचलो तर धूर दिसला, परातीत कणीक दिसली, चाचा पत्रा घेऊन उभे होते आणि वकील वांगी चिरत होते. मी बसता बसता सवयीने विचारलं, "आज नवस कोणाचा?"

वकिलांनी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी चाचांकडे. कोणाचाच नव्हता. कोणी कोणाला बोलावलंही नव्हतं. रविवार होता म्हणून एकेक जण आपापलं घेऊन आला होता. मला त्या वेळी तारबाबूंची फार आठवण आली. हे त्यांनी बघायला हवं होतं, असं वाटलं. मग गुरुजी सरकले, त्यांनी चाचांच्या आणि स्वतःच्या मध्ये आम्हां बापलेकींना जागा करून दिली, आणि आम्ही जेवायला बसलो.